कामावरनं कमी, कार्डावरनं कमी

(मुलुंडच्या सुनंदाबाईंनी सांगितलं तसं)

तुम्ही मूळच्या कुठल्या, असं आल्या आल्या विचारलंत ना ताई, ह्याच एका प्रश्नानं माझी वाट लावली, पण तुम्ही आपुलकीनं विचारताय म्हणून सांगते. माहेर माझं देवगड तालुक्यातलं, खाडीच्या काठची वाडी, सासर तिकडनं आत, कणकवलीच्या बाजूला, आणि मुलुंडला म्हणाल तर लग्न होऊन आठवड्यात आले ती इथंच आहे, ह्याच चाळीत, ह्याच खोलीत, मधले काही महिने सोडले तर. ते मधले महिने म्हणजेच माझी सगळी गोष्ट आहे, दुसरं माझ्या आयुष्यात काय आहे सांगण्यासारखं.

आमचे हे गोदीत होते. स्वभावानं गरीब, कधी वर आवाज नाय, सुट्टीच्या दिवशी मंगलला खांद्यावर घेऊन डोंगराकडं फिरायला न्यायचे, मंगल म्हणजे माझी मुलगी, एकुलती एक. ती दोन वर्षांची झाली तेव्हा हेच बोलले की अगं तू सातवी पास आहेस, घरात बसून काय करतेस, खालच्या रस्त्याला औषधाची कंपनी आहे तिथं बायका घेतात. मी घाबरत घाबरत गेले तर तिथल्या बाईंनी माझे हात उलटेसुलटे करून बघितले, नखं बघितली आणि सोमवारपासून ये बोलल्या. बरं झालं गेले, काय सांगू तुम्हाला, कारण मंगल बालवाडीत असताना ह्यांना कावीळ झाली, आधी गावठी औषध केलं, मग हॉस्पिटलात नेलं, पण उशीर झाला होता. तेव्हा ती कंपनी नसती तर आम्ही दोघी मायलेकी कुठं गेलो असतो देव जाणे.

कंपनीचं नाव नाय सांगत, आता तिथं काय पण नाय, नुसतं गेट आहे आणि आत गवत. पण तेव्हा काय शान होती! आम्ही पॅकिंगला. लांबलचक टेबलं, दोन्ही बाजूंनी बायका, डोक्याला पांढरा रुमाल, मधनं पट्टा फिरतोय, त्याच्यावरनं गोळ्यांच्या पट्ट्या येतायत, मोडकी गोळी दिसली की उचलायची, बाकीच्या डब्यात भरायच्या, कागद घालायचा, झाकण. ताकदीच्या गोळ्या असायच्या ना पिवळ्या, बी कॉम्प्लेक्सच्या, त्यांचा तो वास, उग्र, तो आमच्या केसात, साडीत, भाकरीत सुद्धा उतरायचा, बसमध्ये आम्ही चढलो की लोक नाक दाबायचे आणि आम्ही हसायचो. मंगल लहानपणी मला वासानं ओळखायची. कुसुम तर बोलायची की आपण गोळ्या न खाता ताकदवान होणार. ही कुसुम म्हणजे समोरच्या खोलीतली, ते दार दिसतंय ना हिरवं, ते. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, नवरा रिक्षा चालवतो, पदरी दोन पोरं. तिला कंपनीत मीच लावली, बाईंना सांगून. सकाळी एकत्र निघायचो, एकत्र यायचो, तिच्या घरी भाजी चांगली झाली की वाटी माझ्याकडं, माझ्याकडं मासे आले की तिच्याकडं. बहीण नाय मला, पण कुसुम आहे.

मग काय झालं, कंपनीत कुजबुज सुरू झाली की कारखाना मुंबईतनं हलवणार. लांब कुठं तरी मागास भागात सरकार जमीन देतं, वीज स्वस्त देतं, कर माफ करतं, म्हणून मालक तिकडं चालले. आम्हाला वाटलं नुसती हूल आहे, युनियनला घाबरवायला. पण एक दिवस आमच्या समोरनं मशीन खोलली, नंबर टाकून लाकडी पेट्यात भरली आणि ट्रकात चढवली. आम्ही बायका रुमाल बांधून उभ्याच. कुसुम धीट, तिनं साहेबाला विचारलं की मशीन चालली, आम्ही पण येऊ काय तिकडं, तर साहेब बोलले की तिकडं सरकारची अट आहे, तिकडच्याच लोकांना कामाला घ्यायचं, तुम्ही तिकडच्या नाय. बघा, तिथनंच सुरू झालं हे, तिकडचे आणि इकडचे.

हिशोब द्यायच्या दिवशी एकेकीला आत बोलावलं. टेबलावर कागद, इंग्रजीत. सही करा म्हणजे लगेच पैसे मिळतील, नाय केली तर कोर्टात जा आणि बसा वर्षानुवर्षं. युनियनचे साहेब बाजूलाच बसलेले, ते पण मान हलवून बोलले करा बाई. केली. सगळ्यांनीच केली. पुढं कळलं की त्या कागदावर आम्ही आपल्या मर्जीनं नोकरी सोडतोय असं लिहिलं होतं. मर्जीनं! मुलुंडपासून भांडुपपर्यंत एकेक गेट बंद होत चाललेलं आणि आम्ही म्हणे मर्जीनं नोकरी सोडली.

आलेले पैसे किती दिवस पुरणार, घरभाडं, रेशन, मंगलची शाळा, ती तेव्हा नववीत. दोन घरची भांडी धरली, त्यानं भागत नव्हतं. मग कुणी तरी बोललं की सरकारच्या योजना असतात बेकारांसाठी, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घाला. मी आणि कुसुम दोघी गेलो. ही गर्दी! सगळी तरणी पोरं, हातात फायली, आणि आम्ही दोघीच बायका. खिडकीवर पाटणकर नावाचे कारकून होते, चष्मेवाले, दिसायला खडूस पण माणूस चांगला. त्यांनी आधी विचारलं, शिक्षण. मी बोलले सातवी. तर बोलले, सुशिक्षित बेकारांची कर्जाची योजना आहे, पण त्याला मॅट्रिक लागतं. म्हणजे मी बेकार होते पण सुशिक्षित नव्हते. मग मी विचारलं, आम्हाला कामावरनं कमी केलंय, कमी केलेल्यांना काही सवलत असते असं ऐकलं. ते बोलले, असते, वयाची सवलत असते, पण सरकारी खात्यातनं कमी केलेल्यांना, खासगी कंपनीतल्या लोकांना नाय, आणि तुमच्या कागदावर तर राजीनामा आहे, म्हणजे तुम्हाला कुणी कमी केलेलंच नाय. कुसुम भडकली, ती बोलली, मग आम्ही काय हौस म्हणून इथं लाईन लावलीय काय? मी तिचा हात दाबला. पाटणकर रागावले नाय. बोलले, बाई, मी नियम केले नाय.

निराधार योजनेचं पण विचारलं, मी विधवा आहे म्हणून. तर तिथं बोलले तुमचं वय बसत नाय, हातपाय धड आहेत, आत्ताच कंपनीकडनं पैसे मिळालेत, तुम्ही निराधार कशा? खरंच आहे त्यांचं. हातपाय धड होते माझे. म्हणून तर काम मागत होते ना.

पण पाटणकरांनी एक गोष्ट केली. मी परत एकदा गेले तेव्हा त्यांनी आपणहून जाडजूड पुस्तक काढलं, पानं उलटली आणि बोलले, बाई, थांबा, आयाच्या, शिपायाच्या जागांना वय जास्त चालत नाय, पण विधवा बाईला पस्तिसाव्यापर्यंत सूट आहे. तुमची तेहतीस सरलीत. नाव लावून ठेवतो, हॉस्पिटलात आयाच्या जागा निघतात कधीमधी, कॉल आला तर ताबडतोब जा. केवढा आनंद झाला मला. आयाचं काम मला जमलं असतं, ह्यांच्या आजारपणात सगळं मीच तर केलं होतं, बेडपॅन काय, चादरी काय. कुसुमचं पण नाव लागलं, तिचं वय आपलं आपणच बसत होतं. येताना आम्ही दोघींनी कुल्फी खाल्ली.

आणि मग वाट बघत बसलो. आज येईल, उद्या येईल. पोस्टमन चाळीत शिरला की मी हातातलं काम टाकून गॅलरीत. तो खालनंच हात हलवून नाय बोलायचा, त्याला पण पाठ झालं होतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मंगल दहावीला बसायची तयारी करायला लागली. एकेक करत सगळं सरलं, माझ्या बांगड्या गेल्या, मग भांड्यांचं एक घर सुटलं, ते लोक बोरिवलीला राहायला गेले.

अशात गावाहून सदाभावजींचं पत्र आलं, सदाभावजी म्हणजे माझे धाकटे दीर, गावची थोडीशी जमीन आणि सासूबाई त्यांच्याकडं. त्यांनी लिहिलं होतं, वयनी, हय रोजगार हमीचा काम निघालाहा, घाटीकडसून रस्तो करतहत, बायकांकय पुरुषांएवढीच मजुरी, थय मुंबयत बसान काय करतालास, हय येवा. रोजगार हमी म्हणजे सरकार काम देणारच, मागेल त्याला. मी ते पत्र परत परत वाचलं. हमी हा शब्दच केवढा मोठा आहे ना. पाटणकरांना जाऊन विचारलं की ती हमी इथं मुलुंडला नाय का? ते हसले, उदास हसले, बोलले, बाई ती खेड्यातल्या माणसांसाठी आहे, मुंबईत सरकार हमी देत नाय.

मग मी गेले गावी. मंगलला शाळेसाठी इथंच ठेवली, कुसुम सांभाळते बोलली. पोरगी एकटी झोपायला घाबरेल म्हणून कुसुम स्वतः तिच्याजवळ येऊन झोपायची, आपली पोरं नवऱ्याकडं ठेवून. कोण करतं एवढं?

गावात तलाठ्याकडं नाव घालायला गेले तर तो बोलला, तुमचं रेशनकार्ड? मी बोलले, मुंबईचं आहे. मग तुम्ही मुंबईच्या, तो बोलला, हे काम गावच्या रहिवाशांना आहे. मी बोलले, अहो हे माझं सासर, हे घर, ही सासू. सासूबाई पण बोलल्या, माझी सून ती, हयच उंबरठो ओलांडल्यान. तो बोलला, आजी, सगळं खरं, पण दोन ठिकाणी नाव ठेवणं गुन्हा आहे, मुंबईचं नाव कमी करून दाखला आणा, मी लगेच इथल्या कार्डावर चढवतो आणि उद्यापासून कामावर घेतो.

परत मुंबईला आले. कुसुम बोलली, वेडी झालीस काय, मुंबईच्या कार्डावरचं नाव काढू नकोस, मुंबईचं कार्ड म्हणजे मुंबईतला पाय आहे तुझा. मी बोलले, अगं कॉल यायचा तेव्हा येईल, आत्ता चूल पेटायला नको? मंगलचं नाव राहू दिलं, माझं तेवढं काढायचं ठरवलं. रेशनिंग ऑफिसात गेले. तिथं नाव चढवायला माणसं महिनोन् महिने चपला झिजवतात, पण नाव काढायचंय बोलले तर हातातला चहा निवायच्या आत काम झालं. लाल शाईची एक रेघ, वर शिक्का. बाजूला मंगलचं नाव एकटं राहिलं. मला कसं तरीच झालं बघून. ह्यांचं नाव ह्यांच्या मागं असंच काढलं होतं, लाल रेघेनं.

मग गावात मी खडी फोडली. सांगायला लाज नाय. पण हात कसले हो माझे, गोळ्या वेचलेले हात, पहिल्या दिवशी हातोडा तीनदा बोटावर बसला. बायका हसायच्या, बघा गो, मुंबयकरीण इली खडी फोडूक. पण हसून झालं की त्यातलीच एक जवळ यायची, दगड कसा धरायचा दाखवायची, बोटांना चिंध्या बांधून द्यायची. उन्हात बसायचं, डोक्यावर पदर, आणि धूळ अशी की थुंकी पांढरी यायची. काही जणी मागनं बोलायच्या पण, की हिका मुंबयक खोली हा, कंपनीचे पैशे मिळाले, हिका कित्याक होया सरकारचा काम, म्हणजे मला कशाला हवं ते. ऐकून घ्यायचे. त्यांच्या पण पोटाचाच प्रश्न. मजुरी हातात यायला वेळ लागायचा, पण यायची, आणि मी त्यातली मंगलला पाठवायचे. मला वाटलं, चला, काही तरी मार्ग लागला. दहावीची परीक्षा झाली की मंगलला पण घेऊन येऊ, नाय तर मी जाऊ, बघू.

आणि एक दिवस दुपारी मी खडीवर बसलेली, वाडीतला एक जण धावत आला, वयनी, तार इली! तार म्हटल्यावर सगळ्या बायकांचे हातोडे थांबले. मी हातोडा टाकून उठले, मंगल, माझी मंगल, दुसरं काही डोक्यातच येईना. घराकडं धावत गेले तर तिथं अर्धी वाडी जमलेली, सासूबाईंनी तर रडायला सुरुवात पण केली होती, कुणाला वाचता येत नव्हतं, इंग्रजी तार, सदाभावजी बाजाराला गेलेले. मी सातवीपर्यंतचं इंग्रजी आठवून आठवून वाचलं. कॉल आला, हॉस्पिटल, लगेच ये, कुसुम. मी मटकन खालीच बसले आणि हसायला लागले, रडायला लागले, लोकांना कळेना कोण गेलं. मी ओरडून सांगितलं, कोण गेला नाय, माका नोकरी लागली! सासूबाईंनी तशाच ओल्या डोळ्यांनी आत जाऊन देवाकडं साखर ठेवली. त्या सगळ्या खडी फोडणाऱ्या बायका आल्या, माझी ओटी भरली. विधवा बाईची ओटी, नोकरीला जाते म्हणून! त्यांना वाटलं ही आता सुखाला लागली.

एसटीनं मुंबईला आले. गाडीत डोळ्याला डोळा नाय. मनात काय काय चाललं होतं, पांढऱ्या साड्या घेऊ, मंगलला पुढं शिकवू, बांगड्या नंतर, आधी मंगल. चाळीत शिरले तर कुसुम दारातच. मंगलनं कॉलचं पत्र देव्हाऱ्यात ठेवलेलं. सकाळी मी आंघोळ करून, ठेवणीतली साडी नेसून, मंगलला बरोबर घेऊन हॉस्पिटलच्या ऑफिसात गेले. कुसुम पण आली. तिच्या हातात पण पत्र होतं. तिला पण कॉल आला होता, माझ्या खाली तिचं नाव होतं. जागा एक होती. मी बोलले, अगं सांगितलं नाय तारेत? ती बोलली, तुझं व्हायचंय आधी, माझं काय सांगू.

आत मोठे बाबू होते, डोक्याला टक्कल, बोलायला मऊ. शाळेचा दाखला बघितला, ह्यांच्या मृत्यूचा दाखला बघितला, वय मोजलं, बसतं बोलले. मला खुर्चीवर बसायला सांगितलं. आयाचं काम जड असतं, कराल ना? मी बोलले, साहेब, मी खडी फोडून येतेय. ते हसले. मग बोलले, रेशनकार्ड. मी दिलं. त्यांनी उघडलं, आणि बघत राहिले. मी ती लाल रेघ विसरूनच गेले होते हो, आनंदात. ते बोलले, ह्याच्यावर तुमचं नाव कमी केलेलं आहे. मी सांगितलं सगळं, गाव, तलाठी, रोजगार हमी. ते बोलले, म्हणजे आज तुम्ही मुंबईच्या रहिवासी नाही, ह्या जागा इथल्या रहिवाशांसाठी आहेत. मी बोलले, साहेब, लग्न झाल्यापासून मी इथंच आहे, माझा नवरा इथं गेला, ही मुलगी तुमच्याच हॉस्पिटलात जन्मली. मंगल तेव्हा पुढं झाली, शाळेच्या ड्रेसवर होती, ती बोलली, साहेब, माझं नाव आहे कार्डावर, मी लहान आहे, आई इथं राहत नसेल तर मी काय एकटी राहते? साहेबांनी कार्ड परत उघडून तिच्या नावावर बोट ठेवलं. पण बाळ, ते बोलले, मी तुझं नाव बघून तुझ्या आईला नोकरी देऊ शकत नाही. मग मला बोलले, नाव परत चढवून आणा, मी चार दिवस जागा धरून ठेवतो, फार तर आठवडा.

त्या आठवड्यात मी काय धावले ते माझं मलाच माहीत. रेशनिंग ऑफिसातले बोलले, गावचं नाव कमी केल्याचा दाखला आणा. उलट्या पावली गावी. तलाठी तालुक्याला गेलेला, मीटिंगला. तालुक्याला गेले तर तो दुसऱ्या गावी. भेटला तेव्हा बोलला, बाई, तुमचं नाव अजून रस्त्याच्या हजेरीत चालू आहे, हजेरी बंद होऊन वर गेल्याशिवाय मी दाखला कसा देऊ, तुम्हीच तर हातापाया पडून नाव घातलंत. मी त्याच्यापुढं हात जोडले. त्याला पण वाईट वाटलं असेल, कारण त्यानं शेवटी दिला दाखला, पण आठवडा उलटून गेला होता. तरी घेऊन आले. इकडं रेशनिंगवाले बोलले, ठीक आहे, आता इन्स्पेक्टर घरी येऊन बघून जाईल की तुम्ही खरंच राहता का. कधी येईल? येईल. मी बोलले, साहेब, आज या, आत्ता चला माझ्याबरोबर, खोली दाखवते, चूल दाखवते, शेजारी सांगतील. त्यानं वर मान पण केली नाय. त्याच्यापुढं माझ्यासारख्या कितीतरी उभ्या होत्या, तो तरी किती जणींकडं बघणार.

मोठ्या बाबूंनी आपला शब्द पाळला, आठवड्याच्या वर पण दोन दिवस थांबले. मग त्यांनी खालच्या नावाला निरोप पाठवला. खालचं नाव कुसुमचं.

कुसुम जायला तयार होईना. घरात बसून राहिली, नवऱ्याशी भांडली, तो बोलत होता जा, ती बोलत होती सुनंदाची नोकरी मी खाऊ काय. मी ऐकत होते इथनं, भिंत काय, पत्र्याची. शेवटी मीच गेले तिच्याकडं. मी बोलले, कुसुम, तू नाय गेलीस तर ती जागा मला मिळणार आहे काय? तुझ्या खालच्या बाईला मिळेल, तिला आपण ओळखत पण नाय. तुझ्या घरात आली तर निदान माझ्या समोर तरी राहील. ऊठ. ती रडायला लागली. मी तिला उठवली, तोंड धुवायला लावलं, तिच्या निऱ्या मी नीट केल्या, पिना लावल्या, कपाळाला कुंकू मी लावलं. जिना उतरून ती दिसेनाशी होईपर्यंत गॅलरीत उभी राहिले. मग आत आले आणि दार लावून घेतलं. मंगल बोलली, आई, जेवायचं नाय? मी बोलले, तू जेव. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माणसाच्या हातात काही नसणं म्हणजे काय असतं. कुणावर रागवायला पण जागा नव्हती. पाटणकर चांगले, मोठे बाबू चांगले, तलाठी पण वाईट नव्हता, आणि कुसुम तर माझीच. मग हे केलं कुणी?

नाव परत चढलं, हो, चढलं. पावसाळा संपल्यावर कधी तरी इन्स्पेक्टर आला, खोलीत डोकावला, पाणी प्यायला आणि गेला. तोवर गावचा रस्ता पण पावसात बंद पडलेला आणि तिथलं नाव तर मी काढूनच टाकलेलं. नवं कार्ड घेऊन मी पाटणकरांकडं गेले, आता कॉल आला तर मी तयार आहे बोलले. त्यांनी माझी तारीख बघितली, चष्मा काढून पुसला आणि बोलले, बाई, तुमची पस्तिशी झाली की गेल्या महिन्यात.

आता मी वेस्टला एका ब्लॉकमध्ये जाते, तिथल्या आजींना बघायला, अर्धांग झालंय त्यांना. उठवायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, हॉस्पिटलातल्या आयाचंच काम सगळं. लोक चांगले आहेत, चहा स्वतःच्या कपातनं देतात. आजी आहेत तोवर काम आहे, पुढचं पुढं. मंगल दहावी पास झाली, शिवणाच्या क्लासला जाते, तिचं पण नाव एक्स्चेंजमध्ये घातलंय मी, पाटणकरांची बदली झाली, आता दुसरा मुलगा बसतो. मंगलबरोबर मी माझं पण एक्स्चेंजचं कार्ड पुढं करते, त्याच्यावर शिक्का मारून घेते. तो मुलगा बोलतो, मावशी, तुमचं वय गेलं, आता कशाला? मी बोलते, राहू दे बाबा, तुला काय त्रास आहे, नाव असू दे एक.

कुसुमला पर्मनंट केली मागच्या वर्षी. पेढे आणले तिनं, पहिला माझ्या तोंडात घातला. पण एक सांगू तुम्हाला? कामाची ती निळ्या काठाची पांढरी साडी असते ना, ती कुसुम कधी घरनं नेसून जात नाय. इतकी वर्षं झाली, पिशवीत घालून नेते, तिथं जाऊन बदलते, येताना परत बदलून येते. मी एकदा बोलले, अगं नेसून जा की, छान दिसत असेल तुला. तर बोलली, बसमध्ये मळते गं. मळत असेल.

बसा, चहा टाकते. तिची सकाळपाळी सुटायची वेळ झाली, येईलच ती एवढ्यात, आधी माझ्याकडं डोकावते आणि मग घरी जाते. तुमची ओळख करून देईन. फक्त ह्यातलं काही तिच्यापुढं काढू नका हां ताई. देव तिची नोकरी सलामत ठेवो, फार भली बाई आहे, तिच्या मनाला अजून लागतं.